दोन तालमी, एक जर्सी : वेल्सच्या ‘ऑस्प्रेज’बद्दल वाचकांचे प्रश्न

नीथ आणि स्वान्झी हे वेल्समधले दोन हाडवैरी रग्बी क्लब. त्यांना जोडून २००३ मध्ये ‘ऑस्प्रेज’ हा प्रादेशिक संघ उभा राहिला, एवढंच मागच्या अंकात चार ओळींत सांगितलं होतं. त्यावर सातारा-सांगली भागातून बरीच पत्रं आली. त्यात कबड्डीवाले आणि तालमीतले जास्त, हे अपेक्षितच होतं. निवडक प्रश्नांची उत्तरं इथं देत आहोत.

प्रश्न : प्रादेशिक क्लब म्हणजे आपल्या जिल्हा संघासारखाच का? आणि शंभर-सव्वाशे वर्षांचे क्लब हाताशी असताना हा नवा खटाटोप कशाला?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : जिल्हा संघासारखा नाही. जिल्हा संघ निवड चाचणीनंतर जमतो आणि स्पर्धा संपली की पांगतो. प्रादेशिक क्लब ही वर्षभर चालणारी कंपनी असते. खेळाडू करारावर, प्रशिक्षक पगारावर, आणि ठरलेल्या टापूतल्या शाळा, गावचे क्लब, १६, १८ आणि २० वर्षांखालचे संघ त्या कंपनीला जोडलेले.

खटाटोप कशाला, याचं उत्तर लोकसंख्येत आहे. वेल्स हा वेगळा देश म्हणून खेळतो, पण त्याची वस्ती जेमतेम ३१ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. क्षेत्रफळ म्हणाल, तर हे दोन्ही जिल्हे जोडले की जवळपास वेल्स होतो. आता २००३ पूर्वी एवढ्या माणसांत वरच्या पातळीवर किती पगारी क्लब होते, तर नऊ : नीथ, स्वान्झी, लनेली, कार्डिफ, न्यूपोर्ट, पाँटिप्रिद, ब्रिजएंड, एबू वेल आणि केअरफिली. वाई, कोरेगाव, कराड, पाटण, फलटण अशा प्रत्येक गावानं चाळीस-चाळीस पगारी खेळाडू पोसायचे म्हटलं तर काय होईल, तेच तिथं झालं.

खेळ हौशी होता तोवर हे चाललं. खाणीत, पत्र्याच्या गिरणीत, शाळेत नोकरी करायची आणि शनिवारी खेळायचं. ऑगस्ट १९९५ मध्ये जागतिक संघटनेनं रग्बीत पैसे घ्यायला-द्यायला उघड परवानगी दिली आणि हिशोब फिरला. पगार वाढले, चांगली पोरं इंग्लंडमधल्या श्रीमंत क्लबांकडे वळली, आणि गावोगावचे तेच ते दोन-चार पुरस्कर्ते नऊ क्लबांत वाटले गेले. राष्ट्रीय संघटनेच्या डोक्यावर १९९९ मध्ये उघडलेल्या मिलेनियम स्टेडियमचं कर्ज होतंच. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड मॉफेट यांच्या काळात, २००३ मध्ये, नवाचे पाच केले गेले. कार्डिफ आणि लनेली स्वतंत्र राहिले, नीथ-स्वान्झी एकत्र आले, न्यूपोर्टकडे एबू वेलचा ग्वेंट भाग गेला, आणि पाँटिप्रिद-ब्रिजएंड मिळून ‘केल्टिक वॉरियर्स’ झाले.

जुने क्लब बंद झाले नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. नीथ आजही आहे, स्वान्झीही आहे. ते एक पायरी खाली, अर्धहौशी पातळीवर खेळतात.

प्रश्न : सांगली आणि मिरजेच्या मंडळांचा एक संघ करायचा म्हटलं तर पहिल्या बैठकीतच खुर्च्या उडतील. तिथं हे जमलं कसं?
— निवृत्त क्रीडाशिक्षक, मिरज

उत्तर : खुर्च्या तिथंही कमी उडाल्या नसत्या, पण वेळच मिळाला नाही. पैसे संपत आले होते, ही त्या एकीमागची खरी ताकद.

अंतर तुमच्या उदाहरणापेक्षा फार जास्त नाही. नीथ आणि स्वान्झी बारा-तेरा किलोमीटरवर आहेत. नीथ १८७१ चा, वेल्समधला सर्वांत जुना रग्बी क्लब, जर्सी पूर्ण काळी. स्वान्झी १८७२ चा, जर्सी पूर्ण पांढरी. स्वान्झीनं १९३५ मध्ये न्यूझीलंडला ११–३ असं हरवलं होतं. न्यूझीलंडला हरवणारा तो जगातला पहिला क्लब, आणि त्या सामन्यात खेळलेला हेडन टॅनर तेव्हा अजून शाळेत होता. असा इतिहास असलेले लोक सहजासहजी नाव सोडत नाहीत. म्हणून जोडणी टप्प्याटप्प्यानं झाली, आणि त्यातला क्रम शिकण्यासारखा आहे.

पहिल्या दोन हंगामांत नाव लांबलचक ठेवलं : ‘नीथ-स्वान्झी ऑस्प्रेज’. दोघांचं नाव पाटीवर राहिलं. ऑस्प्रे हा पक्षी स्वान्झीच्या बोधचिन्हातला; पाण्यात सूर मारून मासा उचलणारा हा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या धरणांवरही येतो. पक्षी स्वान्झीचा, तर जर्सीचा काळा रंग नीथच्या जवळचा. घरचे सामने काही नीथच्या नोल मैदानावर, काही स्वान्झीच्या सेंट हेलन्सवर. २००५ मध्ये स्वान्झीत सुमारे २०,००० आसनांचं नवं लिबर्टी स्टेडियम झालं, तिथं संघ हलला, आणि त्याच सुमारास नावातली दोन्ही गावं गळून नुसतं ‘ऑस्प्रेज’ उरलं. मधल्या काळात, म्हणजे २००४-०५ च्या हंगामात, संघानं केल्टिक लीग (वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या संघांची स्पर्धा) जिंकली होती. विजेतेपद आधी आणि नाव कापणं नंतर. हा क्रम उलटा झाला असता तर नीथकर मैदानावर फिरकलेच नसते, असं आमचं मत.

तरीही सगळे आले नाहीत. नीथच्या जुन्या मंडळींतले कित्येकजण आजही ‘आमचा क्लब नीथ’ असंच सांगतात.

प्रश्न : केल्टिक वॉरियर्सचं पुढं काय झालं?
— वाचक, तासगाव

उत्तर : एका हंगामात संपले. आणि खेळ वाईट होता म्हणून नव्हे. ब्रिजएंड हा २००२-०३ चा, म्हणजे नव्या रचनेच्या आधीच्या शेवटच्या हंगामाचा वेल्सचा विजेता होता. वॉरियर्स लीगमध्ये चौथे आले, आणि पुढं त्याच हंगामात युरोपचा कप जिंकणाऱ्या वॉस्प्स संघाला त्यांनी त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. पण भागीदारीतला पाँटिप्रिद क्लब आर्थिक अडचणीत आला, त्याचा हिस्सा हातातून गेला, आणि सामने मुख्यतः ब्रिजएंडच्या मैदानावर होऊ लागले. पाँटिप्रिदच्या खोऱ्यातल्या प्रेक्षकाला आपलं काहीच उरलं नाही असं वाटलं, गर्दी रोडावली. २००४ च्या उन्हाळ्यात संघटनेनं संघ विकत घेऊन बंद केला. ब्रिजएंडचा भाग ऑस्प्रेजकडे आणि पाँटिप्रिदचा कार्डिफकडे जोडला गेला.

प्रश्न : सेंट हेलन्स हे नाव क्रिकेटमध्ये ऐकल्यासारखं वाटतं.
— वाचक, सातारा

उत्तर : बरोबर ऐकलंत. ३१ ऑगस्ट १९६८ ला गारफिल्ड सोबर्सनी ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला एका षटकात सहा षटकार मारले ते याच मैदानावर. एका बाजूला क्रिकेटचं मैदान होतं, दुसऱ्या बाजूला रग्बीचं.

प्रश्न : आमच्या तालमीत ९० ते १०५ किलोची आठ-दहा पोरं आहेत. मॅटवर निकाल लागत नाही म्हणून नाउमेद झालीत. रग्बीत यांना कुठं बसवता येईल? लगेच मॅच खेळवली तर चालेल का?
— वस्ताद, विटा

उत्तर : लगेच नको. वस्ताद, या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण इथंच माना मोडतात.

पंधरा जणांत आठ ‘फॉरवर्ड’. चेंडूसाठी दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात तो ‘स्क्रम’. त्यातले १, २ आणि ३ नंबरचे तिघे स्क्रमची पहिली फळी : दोन ‘प्रॉप’, मध्ये ‘हुकर’. तुमच्या पोरांची जागा ही. १ नंबरच्या प्रॉपचं डोकं बाहेरच्या बाजूनं मोकळं असतं. ३ नंबरच्या प्रॉपचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. म्हणून सर्वांत दणकट मान ३ नंबरला. ऑस्प्रेजकडून आणि वेल्सकडून याच जागी खेळलेल्या ॲडम जोन्सनं २००५, २००८ आणि २०१२ अशी तीन ग्रँड स्लॅम (सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) पाहिली. सुरुवातीच्या काळात मात्र त्याला अर्ध्या तासातच बाहेर घेत, कारण दम पुरत नसे. तुमच्या पोरांचंही तेच होणार. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. रग्बी चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन डावांची. ताकद तयार आहे, दम तयार करावा लागेल. त्यासाठी लांब पळवत बसू नका. ३० ते ४० मीटर जोरात, आडवं पडून उठणं, पुन्हा तेवढंच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. अशा दहापासून सुरुवात करून सहा आठवड्यांत वीसपर्यंत न्या.

स्क्रम शिकवायचा क्रम असा. पहिले दोन आठवडे एकास एक, तेही गुडघ्यांवर, हौद्यातल्या मातीत. पाठ सपाट, हनुवटी छातीपासून सुटी, नजर समोर. खांदे कधीही कमरेच्या खाली जाता कामा नयेत. सगळ्या नियमांचा बाप हा नियम. खांदे खाली गेले की दाब सरळ पुढं न जाता जमिनीकडे जातो, फळी कोसळते आणि मागच्या पाच जणांचं वजन मानेवर येतं. नंतर उभ्यानं एकास एक, मग तीनास तीन, आणि पाच-सहा आठवड्यांनी आठास आठ. पंचाचे तीन इशारे आधी पाठ करून घ्या : ‘क्राउच’ म्हणजे वाका, ‘बाइंड’ म्हणजे समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा बगलेच्या बाजूला धरा, ‘सेट’ म्हणजे भिडा. कुस्तीतला पोरगा बाइंड करताना समोरच्याची बाही किंवा कोपर ओढतो. जुनी खोड. त्यानं समोरचा खाली येतो आणि पेनल्टी बसते. १९ वर्षांखालच्या खेळात दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. पहिल्या फळीचा शिकलेला खेळाडू नसेल तर पंचाला सांगून रेटारेटी नसलेला स्क्रम मागा. त्यात कमीपणा नाही, नियमातच तशी सोय आहे.

टॅकलमध्ये तुमचा दुहेरी पट जवळजवळ तसाच्या तसा कामाला येतो : खांदा मांडीला, दोन्ही हात मागं वळवून घट्ट, पाय चालते. दोन फरक मात्र पहिल्या दिवशीच सांगा. पट काढून उचललेला माणूस आडवा करून आपटायचा नाही. कमरेच्या वर पाय नेऊन डोक्यावर किंवा मानेवर सोडला तर लाल कार्ड. दुसरं, माणूस खाली आला की त्याला तत्काळ सोडायचं. कुस्तीत खाली घेतल्यावर खरं काम सुरू होतं. इथं ते संपतं. रग्बीत चितपट नाही.

प्रश्न : कबड्डीतल्या पकडी रग्बीत चालतात का? आमच्या मुली राज्य पातळीवर खेळल्या आहेत.
— प्रशिक्षक, कोरेगाव

उत्तर : चढाईपटू फार लवकर रुळतात, पकडीला वेळ लागतो.

चढाईत शिकलेला पदन्यास, खांदा एकीकडे दाखवून पाय दुसरीकडे टाकणं, हे सगळं ‘विंग’वरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणाऱ्या खेळाडूला लागतं. शेन विल्यम्स हा नीथ आणि पुढं ऑस्प्रेजचा विंगर साडेपाच फुटांपेक्षा थोडाच उंच. लहान चणीचा म्हणून सुरुवातीला त्याच्याबद्दल शंका घेतल्या गेल्या. तो २००८ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वेल्ससाठी त्याच्या नावावर ५८ ट्राय (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) आहेत. एवढ्याशा जागेत दिशा बदलायची, ही त्याची विद्या, आणि आपल्या चढाईपटूंचीही तीच.

पकडीत अडचण अशी की कोपऱ्यातली खेळाडू घोट्यावर झेप घेते आणि तिचं डोकं पळणाऱ्याच्या गुडघ्यासमोर येतं. कबड्डीत चढाईपटू जवळपास थांबलेला असतो, म्हणून निभावतं. रग्बीत समोरून ८० किलो वजन पूर्ण वेगात येतं. डोकं नेहमी पळणाऱ्याच्या मागच्या अंगाला, गाल त्याच्या कमरेला लागेल असं. उजव्या खांद्यानं भिडताय तर डोकं त्याच्या डाव्या-उजव्यापैकी कुठल्या बाजूला, हे चालत, मग हळू पळत, मग वेगात असं तीन टप्प्यांत घोटून घ्या. दोन्ही खांद्यांनी सारखं. एकाच खांद्यानं शिकलेली मुलगी सामन्यात चुकीच्या बाजूनं माणूस आला की डोकं पुढं घालते.

हात न वळवता नुसता खांदा मारणं, आणि खांद्याच्या रेषेच्या वर धरणं, दोन्ही फाउल. साखळी करून दोघींनी एकदम भिडणं चालतं, पण एक खाली आणि एक वर असं ठरलेलं हवं, नाहीतर दोघींचीच डोकी एकमेकींवर आपटतात. हे सरावात सामन्यापेक्षा जास्त घडतं.

सुरुवातीला सात-सातचा खेळ घ्या. सात मिनिटांचे दोन डाव, स्क्रममध्ये प्रत्येकी तिघीच. पंधरा जणींचा संघ गावात उभा करायचा तर पंचवीस-तीस मुली लागतात. साताला बारा पुरतात.

प्रश्न : मुलाच्या डोक्याला मार लागला आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तर खेळू द्यावं का?
— पालक, इस्लामपूर

उत्तर : नाही. शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. त्याला एकट्याला घरी पाठवू नका, सायकल-गाडी चालवू देऊ नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं किंवा हातपाय बधिर वाटणं यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. मान दुखते म्हणाला तर हलवूच नका. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलही कमी. मग चालणं, हलकं पळणं, चेंडूसह पण अंगाला अंग न लावता सराव, असं पायरीपायरीनं. पुन्हा त्रास झाला की एक पायरी मागं. हौशी खेळाडूनं किमान २१ दिवस सामना खेळू नये, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नाही.

प्रश्न : आमच्याकडे नदीकाठची काळी जमीन आहे, शाळेची. मैदान करायचं आहे. माप, खांब, गवत याबद्दल सांगावं.
— मुख्याध्यापक, वाळवा तालुका

उत्तर : माप सोपं आहे, जमीन अवघड आहे.

मैदानाच्या दोन टोकांच्या ‘गोल’ रेषांमधलं अंतर ९४ ते १०० मीटर, रुंदी ६८ ते ७०. गोल रेषेच्या मागं ट्राय करायची जागा किमान ६ मीटर. चारही बाजूंनी शक्यतो ५ मीटर मोकळं. चारशे मीटरच्या धावपट्टीच्या आत हे मैदान बसवायला बघतात. ९४ बाय ६८ नेमकं बसतं, पण बाजूची पाच मीटर जागा धावपट्टीवर येते आणि तिची सिमेंटची कड नेमकी पडणाऱ्याच्या बरगडीखाली. कड झाकल्याशिवाय खेळू नका.

खांबांमध्ये ५.६ मीटर, आडवा दांडा ३ मीटर उंचीवर, उभे खांब किमान ३.४ मीटर, मात्र किक दिसायला सात-आठ मीटरचे बरे. जीआय पाइप सरळ काँक्रीटमध्ये गाडू नका. जमिनीत मोठ्या व्यासाचा पाइप तीन फूट खोल बसवा आणि खांब त्यात उभा करा, म्हणजे दुरुस्तीला काढता येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यात थेट ओतलेला पाया दोन वर्षांत तिरका होतो. खड्डा हातभर रुंद जास्त घेऊन भोवती मुरूम ठोका. खांबाला माणसाच्या उंचीपर्यंत जाड फोम आणि त्यावर ताडपत्री. फोम रेषेच्या आत फार येऊ देऊ नका.

पाणी हा खरा शत्रू. मध्यापासून कडेपर्यंत फूटभर उतार द्या. दोन्ही लांब कडांना दोन फूट खोल चर, तळाला खडी, वर वाळू, आणि चराचं तोंड शेताच्या नाल्याला. चर काढून तोंड न काढलेली मैदानं आपल्या भागात पुष्कळ आहेत. तिथं पावसाळ्यात म्हशी बसतात. वरच्या चार-सहा इंचांत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. गवत म्हणून हरळीच लावा. शेतकरी तिला शिव्या देतो ती ज्या गुणासाठी, तोच गुण इथं हवा : तुडवली तरी मरत नाही, मुळ्या धरून पसरते. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ठोंब सहा-सहा इंचांवर टोचा, आणि दसऱ्यापर्यंत मैदान बंद. इथंच मोह होतो. ऑगस्टमध्ये हिरवं दिसतं आणि मुलं सोडली जातात. मुळं धरलेली नसतात, टाचेसरशी ठोंब उपटतात, आणि दिवाळीत पुन्हा मातीच.

गवत दीड-दोन इंच ठेवा. मार्चपासून मे अखेरपर्यंत भेगा पडतात. बोट जाईल एवढी भेग म्हणजे घोटा मुरगळण्याची जागा. त्यात वाळू-माती भरून पाणी द्या, किंवा सरळ अंगाला अंग लावणारा खेळ बंद ठेवा. पावसाळ्यात टाच दाबून पाहा. खड्ड्यात पाणी उभं राहिलं तर त्या दिवशी खेळ नाही.

रेषा खडूच्या फक्कीनं मारा. चुना वापरू नका. विटांच्या कामाचा चुना ओल्या अंगावर आणि डोळ्यात जाळतो, आणि या खेळात तोंड जमिनीला लागतंच.

प्रश्न : मी पतसंस्थेत हिशोब पाहतो. एवढी विजेतेपदं मिळवूनही ऑस्प्रेज अडचणीत का?
— वाचक, सांगली

उत्तर : ताळेबंदवाल्यानं विचारलं हे बरं झालं, कारण विजेतेपदं जमेच्या बाजूला लिहिता येत नाहीत.

चार लीग विजेतेपदं : २००५, २००७, २०१० आणि २०१२. शेवटच्या दोन्ही अंतिम सामन्यांत लीन्स्टरला त्यांच्या डब्लिनमध्ये हरवलं. २०१२ ची गुणसंख्या ३१–३०, शेन विल्यम्सची अखेरच्या मिनिटांतली ट्राय आणि डॅन बिगरची कडेवरून मारलेली किक. २००६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ‘अ’ संघाला २४–१६ हरवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये वेल्सनं इंग्लंडमध्ये २० वर्षांनी सामना जिंकला तेव्हा सुरुवातीच्या पंधरात १३ जण ऑस्प्रेजचे होते.

आता दुसरी बाजू. देशाच्या संघात तेरा जण असणं म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आठवड्यांत क्लबचे तेरा जण गैरहजर. त्यांचा पगार चालू, मैदान रिकामं. याच काळात जस्टिन मार्शल, जेरी कॉलिन्स असे न्यूझीलंडचे मोठे खेळाडू आणले गेले. अपेक्षा युरोपच्या कपाची होती. २००८, २००९ आणि २०१० अशी तिन्ही वर्षं उपांत्यपूर्व फेरीत गाडी अडली, शेवटच्या वेळी बिआरिट्झकडून २८–२९. त्यातच २०,००० चं स्टेडियम, तेही फुटबॉल क्लबबरोबर वाटून घेतलेलं. दहा हजारांची गर्दी नोलवर खच्चून वाटली असती, इथं निम्मं मैदान मोकळं दिसतं. मोकळं दिसलं की पुढच्या वेळी आणखी कमी येतात. आमच्या मते मोठे पगार ही चूक दुसऱ्या क्रमांकाची. गर्दीपेक्षा मोठं मैदान ही पहिली.

२०१२-१३ पासून वेल्सच्या चारही संघांनी पगाराची मर्यादा ३५ लाख पौंडांवर आणली. मोठी नावं फ्रान्स-इंग्लंडकडे गेली. २०२३ मध्ये करारांच्या गोंधळामुळे वेल्सचे खेळाडू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी संपावर जायच्या बेतात होते. त्यातून परदेशात खेळूनही देशाकडून निवडलं जाण्याची अट ६० सामन्यांवरून २५ वर आली. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफचा क्लब संघटनेला ताब्यात घ्यावा लागला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाराचे तीन संघ करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑस्प्रेजनं मोठं स्टेडियम सोडून पुन्हा सेंट हेलन्सवर परतायचा बेत आखला.

या सगळ्यात टिकलं ते खालचं जाळं. ॲलन विन जोन्स स्वान्झी भागातलाच, २००५ ते २०२३ एकाच संघात. वेल्सचे १५८ आणि लायन्सचे (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) १२ मिळून १७० कसोट्या, हा जागतिक विक्रम. विकत आणलेल्यांपैकी कुणी दोन वर्षं राहिला, कुणी तीन.

प्रश्न : आमच्या आणि शेजारच्या गावच्या मंडळानं मिळून रग्बीचा एकच संघ करायचं ठरवलंय. लेखी करारात काय काय असावं?
— मंडळाचे सचिव, खटाव तालुका

उत्तर : मंडळं दोन्ही राहू द्या, विलीन करू नका. दोघांनी मिळून तिसरी नोंदणी करा आणि फक्त मोठ्यांचा संघ तिच्या नावावर. १६ वर्षांखालचे संघ आपापल्या गावात आणि आपापल्या जर्सीत. लहान मुलाला संध्याकाळी दुसऱ्या गावात जायला सांगितलं की पहिल्या महिन्यात निम्मी गळतात, आणि मुलींना तर घरून सोडतच नाहीत.

घरचे सामने निम्मे-निम्मे, तारखांसह, हंगामाआधी लिहून. ‘सोयीनुसार’ हा शब्द करारात नको. सोय नेहमी ज्याच्याकडे बरं मैदान आहे त्याचीच होते, आणि पाँटिप्रिदचं जे झालं ते होतं. निवड समितीत दोन्ही गावांचा एकेक आणि तिसरा दोन्ही गावांबाहेरचा. नुसता दोघांचा सारखा हिस्सा ठेवला तर पहिल्याच वादात गाडी अडते.

पैशाचं कलम सर्वांत नीट लिहा. एका मंडळानं वर्गणी थांबवली तर किती दिवसांची मुदत, नंतर त्याचा हिस्सा कुणाकडे, आणि त्याच्या गावचे सामने त्याच गावात राहतील की नाही. हे भांडण व्हायच्या आधी लिहायचं असतं. खांब, चेंडू, फोम यांची यादी करून कुठली वस्तू कुणाची हेही लिहा. वर्षाच्या खर्चाचा निम्मा भाग जमा असल्याशिवाय बाहेरगावचा खेळाडू मानधनावर आणायचा नाही, असं एक कलम घाला. दोन्ही गावचे पुढारी त्यावर कुरकुरतील.

नाव तीन वर्षं जोडनाव ठेवा. कुणाचं गाव आधी, यावर अडलं तर चिठ्ठी टाका.

प्रश्न : चेंडू कुठल्या मापाचा घ्यावा?
— वाचक, वाई

उत्तर : नऊ वर्षांखाली ३ नंबर, चौदापर्यंत ४, त्यापुढं ५. पाच नंबरचं वजन ४१० ते ४६० ग्रॅम, हवा साडेनऊ ते दहा पौंड. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं भरू नका, आतला ब्लॅडर शिवणीतून बाहेर येतो. हातपंप आणि सुई घ्या, आणि सुईला टोचण्याआधी थोडी थुंकी किंवा ग्लिसरीन लावा.